हिवराच्या कोपऱ्यातली खारी

नूतनने फळीवरच्या तिन्ही बरण्या एकेक करून खाली उतरवल्या आणि ओट्यावर, नुकत्याच आलेल्या उन्हात, वीत-वीत अंतराने मांडल्या. सहा वाजून गेले होते. नळाला पाणी येऊन गेले होते, दोन हंडे भरले होते. नवऱ्याचा, योगराजचा डबा पिशवीत घातला होता आणि तो जळगावच्या पाइपच्या कारखान्यातली पहिली पाळी गाठायला मोटारसायकलवरून निघूनही गेला होता. चुलीवर नानांच्या आंघोळीचे पाणी होते. खाली बसून तिने मान तिरपी केली आणि काचेतून पलीकडे पाहिले.

बरण्या काल संध्याकाळी भरल्या होत्या. प्रत्येकीत मूठभर माती आणि वर विकतच्या जारमधले पाणी. बोअरचे पाणी मचूळ, त्यात परीक्षा होत नाही. केळीच्या वावरातली माती तळाशी बसली होती आणि वरचे पाणी निवळले होते. दुसऱ्या बरणीत खारीची माती होती, आणि ते पाणी रात्रभर ठेवूनही दुधाळ चहासारखे गढूळच होते. तिसरीतही खारीचीच माती होती, पण वाटेकडच्या आठ गुंठ्यांतली. त्या आठ गुंठ्यांत तिने दोन वर्षांपूर्वी जिप्सम मिसळले होते आणि वर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलण्याआधी गाडले होते. ही तिसरी बरणी इतकी स्वच्छ होती की तिच्यातून अंगणातली तुळस दिसत होती.

"निवळली का व?" कडुलिंबाची काडी चावत तोताराम नाना मागे येऊन उभे राहिले.

"निवळली नाना. केळीच्या मातीपेक्षा चांगली."

"मंग आज जिप्सम टाक बठ्ठ्या खारीत. छगनच्या ट्रॅक्टरले आठाचा टाइम देल्हा मी."

एवढे बोलून ते चूळ भरायला गेले. सासऱ्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी निघत नाही, हे नूतनला पाच वर्षांत कळले होते.

बत्तीस गुंठ्यांच्या त्या तुकड्याला गाव खारी म्हणत असे, आणि त्याच्या मातीलाही खारीच. तापीच्या जुन्या पुराने आणून टाकलेला हा बारीक पोयटा हाताला पिठासारखा लागे. उन्हाळ्यात त्यावर पांढरी पूड फुटे. पाऊस पडला की तो लोण्यासारखा चिकट होई आणि पाणी आत घेण्याचे नाव काढत नसे. आठ-आठ दिवस डबकी उभी राहत. वाळला की वर खापरासारखी पापडी, आणि बी खालच्या खाली गुदमरे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेल्या नूतनने लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ती माती तपासून घेतली होती. सामू, म्हणजे पीएच, नऊच्या वर निघाला. नानांनी कागद पाहून विचारले होते, "म्हंजे आजारी?" ती म्हणाली होती, "म्हणजे बरी होईल." गेल्या हिवाळ्यात त्या आठ गुंठ्यांतली दादर ज्वारी नानांच्या कमरेला लागली. नाना तिच्यात बराच वेळ उगाच उभे राहिले होते.

बरण्या उचलणार, तोच फाटकाची कडी वाजली. पलीकडच्या गल्लीतली मंदाबाई आत आली. तिच्या हातात रिकामे टोपले होते. ते जुने, काठाला निळ्या लुगड्याची पट्टी शिवलेले टोपले सारा गाव ओळखत असे. दर वैशाखात मंदाबाई त्यातूनच खारी वाहून आपल्या धाब्यावर टाकायची. गावात एकेकाळी सगळी घरे धाब्याची होती. लाकडी सरांवर मातीचा थर आणि त्यावर चार बोटे खारी, की पाऊस आत येत नसे. आता स्लॅब झाले. धाबी चारच उरली होती, आणि त्यांतल्या तिघांनी प्लास्टिकचा कागद अंथरला होता.

"ने अक्का, ने खारी," नाना न्हाणीतूनच म्हणाले. दर वर्षी ते असेच, न पाहता म्हणत.

"नेवाले नई आली तोताभाऊ." तिने टोपले नूतनपुढे ठेवले. "हे तुले. माती वाह्याले कामी येईन. चांगलं हाये अजून, पट्टी मागच्याच साली बदलली."

"आणि तुम्हांला?"

"मी सुरतले चालली. शनवारी हितेंद्र येऊ राहिला घ्याले."

हितेंद्र तिचा मुलगा. गेली आठ वर्षे तो आईला बोलावत होता, आणि गेली आठ वर्षे ती आखाजीनंतर पाहू, दिवाळीनंतर पाहू म्हणत होती.

नाना पंचाने डोके पुसत बाहेर आले. "अन् घर?"

"कुलूप." मंदाबाई ओट्याच्या पायरीवर बसली. "मागच्या पावसाळ्यात धाबं गळलं, भाऊ. एका जागी नई, बठ्ठं. मी खाटीवर भगोनं घेऊन बसली. पंचेचाळीस सालात असं झालं नई. सासू म्हणे, खारी तं साऱ्यायले भेटते, हात भेटत नई." तिने दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून पाहिले. "तो हात गेला माह्या. पसरवता आलं नई मले, दुसरं काय."

"गेली असीन एखादी जागा सुटून," नाना म्हणाले.

"एखादी नई ना. जुनी खारी खरडून बठ्ठी नवी टाकली व्हती. गवत उगलं व्हतं म्हनून." ती किंचित हसली. "जाऊ द्या. सुरतले सातवा मजला हाये. तठी वरून गळाले आठवा मजला लागते."

नूतनचा हात तिसऱ्या बरणीवर होता. तो तिने तसाच राहू दिला.

"अक्का, मागच्या वर्षी खारी कुठली उचलली होती?"

"कुठली म्हंजे? तुमचीच."

"तसं नाही. कोणत्या बाजूची?"

"वाटेकडची. गुडघे कुठी पलीकडच्या हिवराच्या झाडापावतर चालतात आता? अन् काय भुसभुशीत निघाली. फावडं मारलं की टोपलं भरे. मी म्हनलं, देवाले माह्ये गुडघे दिसले."

मागच्या वैशाखात आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणाला नूतन धुळ्याकडे माहेरी गेली होती. नानांनी मान न वळवता 'ने' म्हटले असणार.

"मला जरा तुमच्या धाब्यावर चढायचंय," ती म्हणाली.

मंदाबाईने नानांकडे पाहिले. नानांनी हात हलवला. सून मातीच्या बाबतीत काय करील ते आपण सांगू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

शिडीवरून चढताना नूतनला चौथ्या पायरीवरच वास ओळखू आला. कोरड्या, चांगल्या मातीचा वास. धाब्यावरची माती बोटांत घेतली तर ती डाळीएवढ्या बारीक कणांनी मोकळी झाली. पिठासारखी उडाली नाही, पापडीसारखी तुटली नाही. दोन वर्षे ज्या मातीसाठी ती राबली होती, ती हीच. तिने ओच्यात मूठभर घेतली.

घरी येऊन चौथी बरणी भरली, हलवली आणि रांगेत ठेवली. नानांनी चहा केला. आपला चहा पीत मंदाबाई बरणीकडे पाहत होती, जसे दवाखान्यात कोणी वजनाच्या काट्याकडे पाहते. तासाभरात चौथ्या बरणीतली माती खाली बसली. पाणी निवळले. तुळस दिसू लागली.

नूतनने दुसरी, गढूळ बरणी तिच्याजवळ सरकवली.

"ही खरी खारी. हिचे कण एकमेकांना धरत नाहीत, पाण्यात विरतात अन् सगळ्या फटी बुजवतात. म्हणून पीक मरतं आणि धाबं टिकतं. वाटेकडच्या मातीत मी जिप्सम घातलं. ती आता पाणी पिते. तुमच्या धाब्यावर बसूनही तिनं तेच केलं." तिचा आवाज खाली आला, आणि मनातले बोलताना येई तशी माहेरची अहिराणी तोंडून निघाली. "तुमना हात नही चुकना, अक्का. चूक मनी शे."

मंदाबाईने तिच्याकडे पाहिले, मग नानांकडे.

"'शे' निघालं भाऊ. म्हंजे पोरगी खरं बोलू राहिली."

नाना हसले नाहीत. "मीबी 'ने' म्हनलो," ते म्हणाले. "डोळे उघडून म्हनाले पाह्यजे व्हतं."

मंदाबाईने दोन्ही बरण्या उचलल्या, उन्हात धरल्या. गढूळ बरणी तिने जास्त वेळ धरली. मग ती उठून घरी गेली. टोपले ओट्यावरच राहिले.

छगनचा ट्रॅक्टर आठाऐवजी नऊला आला. "वहिनी, कुठी टाकू? का बरण्यायमंधी भरून देऊ?" असे विचारून तो स्वतःच हसला. चोवीस गुंठ्यांत जिप्समचे ढीग कुठे कुठे पडायचे, त्यासाठी नूतनने आठवड्यापूर्वीच खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती. ठिबकच्या नळ्याही बांधापर्यंत पसरून ठेवल्या होत्या. ती सरळ पलीकडच्या टोकाला, हिवराच्या झाडाखाली गेली. तिथल्या दोन खुंट्या तिने उपटल्या आणि वीस-पंचवीस पावले अलीकडे येऊन पुन्हा ठोकल्या. पायांनी मोजले. सुमारे तीन गुंठे बाहेर राहत होते. नळ्या तिथपर्यंत कापून तिने त्यांची टोके दुमडली आणि कड्या बसवल्या.

नाना बांधावरून पाहत होते. "ह्या तीन गुंठ्याचं काय करशी?"

"काही नाही. आजारी राहू देऊ."

नानांनी एक दगड उचलला आणि खुंटी आणखी दोन घाव खाली घातली.

ट्रॉली रिकामी झाल्यावर तिने छगनला ती हिवराकडे लावायला सांगितली. दोघांनी फावड्याने वरची फुटलेली पांढरी पूड आणि खालचा पोयटा भरला. अर्धी ट्रॉली झाली. खारी मंदाबाईच्या दारात ओतली तेव्हा ती भांडी बांधत होती. ती बाहेर आली, वाकली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"हे," ती म्हणाली.

दुपारभर छगनने भरलेल्या पाट्या वर दिल्या आणि नूतनने धाब्यावरची चांगली माती खरडून अंगणात लोटली. पसरवायला मंदाबाई स्वतः चढली. गुडघ्यांची गोष्ट कोणी काढली नाही. हाताची पाठ फिरवत ती मागे-मागे सरकत होती, आणि नूतनने एका ठिकाणी थर जाड टाकला तेव्हा, "पुरनपोई नई करू राहिली तू," असे म्हणून तिने तो सारखा केला. उन्हे कलल्यावर तिने तांब्याभर पाणी मागितले. नूतनला वाटले प्यायला. मंदाबाईने ते मधोमध ओतले आणि शेजारी उकिडवी बसली. पाणी पसरले, मग थांबले. थाळीएवढे आभाळ धाब्यावर बराच वेळ चमकत राहिले. खाली फोन वाजत होता, हितेंद्रचा असावा. ती पाण्याकडे पाहत होती.

शुक्रवारी सकाळी नूतन हंडे भरून आली तेव्हा ओट्यावरचे टोपले जागेवर नव्हते. तिथे धाब्याची खरडलेली, पाणी निवळणारी माती भरून एक जुनी पाटी ठेवली होती, तुळशीला घालण्यासाठी. पलीकडच्या गल्लीतून येताना नाना म्हणाले, अक्काच्या भिंतीवर टोपलं खुंटीला लटकलंय, अन् बांधलेली भांडी परत फळीवर लागलीत. नूतनने मान हलवली आणि हंड्यावरचे झाकण सारखे केले.