तोंडभर टाचण्या

अंगाने बारीक म्हणून घरात जिला काडी म्हणत, तिने खोटं बोलायला दात निवडले. दुसऱ्याच्या तोंडात कोण कशाला डोकावेल, असा तिचा हिशेब होता.

दर गुरुवारी ती 'दातांच्या डॉक्टरकडे' जायची. खरं तर जायची एका समुपदेशक बाईंकडे, दोन खुर्च्या आणि एक मरतुकडं झाड असलेल्या खोलीत. पण आईच्या शिवणकामाला हातभार लावणारी मावशी मनाच्या डॉक्टरचं नाव निघालं की कानाजवळ बोट गरागरा फिरवायची. शिवाय 'का जातेस?' असं कोणी विचारलं असतं, तर उत्तरात एक मुलगी आली असती. वाचनालयात काम करणारी, आणि तिथेच सगळ्यात मोठ्याने हसणारी. त्यापेक्षा दात बरे.

पंचाईत अशी झाली, की काडी सुधारली. जेवायला लागली, न्हाणीघरात गुणगुणायला लागली. आई लेकीची खुशाली टेपने मोजायची. "कंबर भरली गं हिची," ती मावशीला म्हणाली. "दातांचा डॉक्टर भलताच हुशार दिसतो."

आणि एका बुधवारी आईचीच दाढ ठणकली. गाल टम्म फुगला.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर."

काडीने घाईघाईने घास गिळला. "तो फक्त पुढचेच दात बघतो गं."

"का? दाढांनी काय घोडं मारलंय त्याचं?"

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा झगा मापाला टाचायचा होता. गिऱ्हाईक काडीच्याच मापाचं, म्हणून काडी झगा घालून स्टुलावर उभी. मावशी अस्तर आणायला गेलेली. आईने सवयीने मूठभर टाचण्या ओठांत धरल्या, फुगलेली बाजू सोडून. टाचण्या तोंडात असल्या की आईकडे एकच शब्द उरायचा, 'हूं'. त्यावर सगळं भागायचं.

काडीच्या डोक्यात चमकलं. आईला बोलता येत नाही, आपल्याला पळता येत नाही. बोलायचं तर आत्ताच.

"आई, तो दातांचा डॉक्टर नाही."

"हूं?"

"बाई आहेत. मनाच्या. माझे दात ठणठणीत आहेत." तिने एक लांब श्वास घेतला. "हिवाळ्यात मला वाटायचं, सकाळी जागच येऊ नये. मला एक मुलगी आवडते. तुला कळलं तर तू मला या स्टुलासकट बाहेर ठेवशील, असं वाटायचं."

"हूंऽऽ!"

हा 'हूं' काडीच्या ओळखीचा नव्हता.

आई एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचू लागली. त्या संपेपर्यंत काडीचा जीव टांगणीला. पळावं तर सगळा घेर टाचलेला.

"जागच येऊ नये?" आईने विचारलं ते हेच, आणि इतक्या हळू, की काडीला रडू फुटलं.

"आता नाही वाटत तसं."

"शपथ?"

"कंबर मोज हवं तर."

आईने खरंच टेप उचलली. कंबरेभोवती टेप गेली, मागून हात गेले, आणि हात काही परत येईनात.

"आई, टाचणी टोचतेय!"

"टोचू दे." मग झग्यात तोंड खुपसूनच, "हे बरं होतं का गं?"

"उदासपण होतं बरं. मुलगी आवडणं हा आजारच नाही."

आईने मान वर केली, तोंड उघडलं. एक 'पण' अगदी ओठांवर आलेला काडीला दिसला. आईने झटकन टाचण्या उचलल्या आणि त्या 'पण'च्या जागी भरल्या.

"हूं," ती म्हणाली, आणि घेर टाचू लागली.

तेवढ्यात मावशी अस्तर घेऊन आत. "ठरलं का उद्याचं? मीही येते हो. माझीही एक किडलीय."

आईने टाचण्या हातात घेतल्या. "काही नको. तो डॉक्टर तिचा, गुरुवार तिचा. आपल्या सडक्या दाढांना दुसरा दवाखाना बघू."

"अगं, पण एवढा गुणाचा—"

"नाही म्हटलं ना! आणि काडे, तू सरळ उभी राहा. तिलाही आण एकदा, याच स्टुलावर उभी करते. न बघता मला माणसाचं माप कळत नाही."

"कोणाला गं?" मावशीने कान टवकारले.

आईने घाईघाईने टाचण्या ओठांत कोंबल्या. काडीनेही उशीतली एक उपटून दातांत धरली.

"हूं," दोघी म्हणाल्या.