पहिल्या ओळीत

माझं लग्न एकदा ठरून मोडलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी फसवलं म्हणायला नको. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या आणि मुलाने दुसरीच पसंत केली. माझा त्यात एवढाच गुन्हा, की त्या पत्रिकेवर चि. सौ. कां. स्नेहल हे माझं नाव होतं.

माझा भाऊ ज्ञानेश लेखक आहे. म्हणजे मखमलाबादला आमची गुलाबाची आणि झेंडूची शेती, ती सांभाळून तो दिवाळी अंकांना कथा पाठवतो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून संपादकांसाठी स्वच्छ प्रत मी उतरवते. दादाला एक खोड आहे. पात्राचा भूतकाळ तो शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवतो. त्याच्या एका कथेतली बाई पानंच्या पानं खिडकीत बसून रडते आणि का रडते ते अगदी शेवटी कळतं. ती पानं उतरवताना मला संताप आला. का रडतेय ते बाईला ठाऊक, दादाला ठाऊक, मूर्ख काय तो वाचणारा. असं म्हटलं की दादा हसायचा. "हुकमाचं पान आधीच टाकलं तर डाव संपला ना."

अठ्ठ्याण्णव साली देवळ्याचं स्थळ आलं. मुलगा दिनेश, घरचा कांद्याचा व्यापार. दादाने याचीही कथाच करायला घेतली. आधी त्यांना मुलगी आवडू द्यायची, माणसं गुंतू द्यायची, आणि तारीख ठरली की मग सावकाश सांगायचं. आईलाही ते पटलं.

"आधीच कशाला वंगाळ सांगायचं? नाय कळत त्यांना," ती म्हणाली.

वंगाळ म्हणजे मी. चरफडतच साडी नेसले.

दिनेश आई आणि मामांबरोबर आला होता. मला तो आवडला, हेही सांगून टाकते. पोह्याची बशी घेताना तो म्हणाला, "तुम्हीपण बसा ना." असं कुणी म्हणत नाही. मुलीने पोहे द्यायचे आणि खाली बघत उभं राहायचं. मग त्याच्या आईने ठरलेला प्रश्न विचारला, "पोहे तूच केले का गं?"

दादाने मान हलवून खूण केली. उत्तर पाठ होतं. पण दिनेश समोर बसून इतकं मनापासून ऐकत होता, की त्याला त्या खिडकीतल्या बाईची पानं वाचायला लावायची मला लाज वाटली.

"नाही, वहिनीने केले," मी म्हणाले. "आणि माझा साखरपुडा एकदा मोडलाय. मुलाला दुसरी आवडली म्हणून. तुम्हाला आजच कळलेलं बरं."

त्याच्या आईने बशी खाली ठेवली. दिनेश काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात ती उठली. "कळवतो आम्ही," म्हणाली.

कळवलं काहीच नाही. शेजारच्यांचा फोन वाजला की मी हातातला झेंडू टाकून कान द्यायचे. कितीतरी दिवस हेच चाललं होतं आणि माझा मलाच राग यायचा.

"सगळा विचका केलास," एवढं बोलून दादाने अबोला धरला. तो मोडला तो नवी कथा उतरवायला द्यायची होती म्हणून. कथेत एक मुलगी पाहुण्यांसमोर पोहे घेऊन येते. ती काहीतरी लपवते आहे असं सारखं वाटत राहतं, आणि शेवटच्या पानावर ती म्हणते, "माझा साखरपुडा एकदा मोडलाय." त्यावर मुलाकडचे गहिवरून होकार देतात. वाक्य माझंच, शब्दसुद्धा बदललेला नाही. मला विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

कागद फाडावेसे वाटले. पण लिहायला बसले. ते वाक्य शेवटून उचललं आणि पहिल्या ओळीत आणून ठेवलं. होकार गाळला. तो आलाच नव्हता.

दादाने प्रत हातात घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबला.

"अगं, इथेच सांगून टाकलं तर पुढे कोण वाचणार?"

"एक जण तरी वाचेल," मी म्हणाले. "मला एकच हवाय."