गळ्याची डबी

रक्तदाब एकशे चाळीसच्या खाली आला, तर भोंग्याच्या पदरात बरंच काही पडणार होतं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं माइक, जेवणात पुन्हा थोडं मीठ, आणि बायकोच्या संशयातून सुटका. न आल्यास पदरात पडणार होती हरवलेल्या सामानाची खोली. तिथं छत्र्या असतात, श्रोते नसतात. दवाखान्याच्या बाकावर एवढा हिशेब उरकून त्यानं डबीतला एक तुकडा तोंडात टाकला आणि बायकोच्या मागोमाग आत गेला.

भोंगा हे नाव बसस्थानकानं ठेवलेलं. सव्वीस वर्षं तो गाड्या पुकारत होता, पण नमनालाच घडाभर तेल. ‘सर्व सुजाण प्रवासी बंधुभगिनींना सप्रेम कळविण्यात येते की’ इथून सुरुवात करून तो गाडीच्या नावापर्यंत यायचा, तोवर गाडी फाटकाबाहेर गेलेली असायची. पण आवाज मात्र मखमली. गाडी चुकलेली माणसंसुद्धा वर भोंग्याकडं बघत उभी राहायची.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“काका, मोजताना बोलायचं नाही. मागच्या खेपेलाही सांगितलं होतं.”

“बोलत कुठं आहे? मी फक्त कळवतोय की...”

“अहो, गप्प बसा की जरा!” बायको म्हणाली. “हे काय स्थानक आहे?”

पाच मिनिटं थांबून बाईंनी दोनदा मोजलं. एकशे अडुसष्ट.

“तीन गोळ्या चालू असून एवढा? चुकतात का मधूनमधून?”

“चुकतील कशा? घोट घशाखाली उतरेपर्यंत मी समोर उभी असते. सहा महिने घरात अळणी शिजतंय. मीही तेच गिळतेय. हेच बाहेर चोरून काहीतरी चापत असणार.”

“मी कँटीनची पायरी चढलो असेन तर जीभ झडो!”

“जीभ झडली तर पगार कोण देणार?”

डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद वाचत होत्या. “पोटॅशियमही फार उतरलंय. गोळ्यांनी एवढं उतरायला नको. पोटऱ्यांत वांब येतात का?”

“रात्री येतात. उभ्याचं काम आहे ना.”

“आता पोटातल्या ग्रंथींची तपासणी करावी लागेल. आणि काका, कामासाठीचा तब्येतीचा जुना दाखला अजून दोन महिने चालेल, पण नव्यावर आज मी सही करू शकत नाही.”

भोंगा उठला. उठताना सदऱ्याचा खिसा खडखडला.

“काय वाजलं?”

“माझा गळा.” त्यानं डबी उघडून दाखवली. “ज्येष्ठमध. ही कापून देते.”

“मी दर वेळी विचारते, दुसरं काही औषध घेता का, काढा, चूर्ण? तुम्ही दर वेळी नाही म्हणता.”

“औषध कुठंय हे? काडी आहे!”

“रोज किती काड्या?”

“भरून पाठवते,” बायको अभिमानानं म्हणाली, “रिकामी परत येते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काकू, ही काडी रोज इतकी पोटात गेली की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. दाब चढतो. तुम्ही पुढच्या दारानं मीठ हाकललंत, आणि...”

“मागचं दार मीच उघडं ठेवलं,” बायको हळूच म्हणाली.

सहा महिन्यांचा चोरीचा आळ व्याजासकट परत करायची ही नामी संधी होती. भोंग्यानं ती सोडली.

“हिचं काही नाही हो त्यात,” तो म्हणाला. “आवाज माझा, चटकही माझीच.”

काडी बंद झाली. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं बाईंनी दोघांकडून वदवून घेतलं. आठवड्यात भोंग्याच्या आवाजाला चिरा पडल्या. लांबण लावायची ताकदच राहिली नाही. “फलाट चार. सुटतेय. पळा.” एवढंच तो म्हणायचा, आणि माणसं पळायची. कुणाची गाडी चुकेना. स्थानकाचा नियंत्रक त्याच्या खोलीत येऊन म्हणाला, “भोंग्या, सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा कळलं रे, तू काय बोलतोस ते!” भोंग्याला हा अपमान पचवायला दोन दिवस लागले.

दीड महिन्यानं दाब एकशे बत्तीसवर आला. बाईंनी एक गोळी कमी केली, सही केली, आणि चिमूटभर मीठही परत दिलं.

याची किंमत भोंग्यानं मखमलीत चुकवली, असं स्थानक समजतं. ते खरंच आहे, पण अर्धंच. रोज सकाळी चहानंतर बायको पाव तास खिडकीशी बसून काड्यांचे नखाएवढे तुकडे करायची, आणि समोर बसून तो दिवसाच्या घोषणा तिला म्हणून दाखवायचा. ती पहिली श्रोती होती. आता सुरी धुऊन ठेवलेली. संध्याकाळी जिन्यात डबी खडखडली की ती दार उघडायची. आता तो दाराशी येऊन घंटी वाजवायचा, परक्यासारखा.

मग एका सकाळी तिनं त्याची डबी मागून घेतली, आत काहीतरी टाकलं आणि परत खिशात सरकवली. त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी जिना खडखडला. घंटीपर्यंत हात जायच्या आत दार उघडलं. बायको स्वेटर घालून उभी होती, आणि स्वेटरची वरची दोन बटणं जागेवर नव्हती.