थांबण्याचं माप

१९८७ साली सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला. जुना कपाटाएवढा होता, हा टेबलावर मावला. जुन्यावरचा प्रोग्रॅम मशीनबाईने लिहिलेला. कारखान्यात तिला सगळे याच नावाने हाक मारत. टाकीत पाणी सोडायचं, टाकी भरली की वाफ, मग रंग, एवढंच त्याचं काम. तिने तो जसाच्या तसा नव्या मशीनवर उतरवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

निळ्या सुताचा पहिलाच घाणा चट्ट्यापट्ट्यांचा निघाला.

"बाई, हे सूत आहे की झेब्रा?" रंगमास्तर म्हणाले.

"मशीन नवीन आहे, मास्तर. रुळायला वेळ लागेल."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

मालक हसले नाहीत. "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी तयार प्रोग्रॅम विकत आणतो, आणि तुम्ही परत टायपिंगला बसा."

टायपिंगच्या खोलीतून वर यायला तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिने ओळ न् ओळ तपासली. चूक असेल तर सापडणार ना.

शुक्रवारी घरी आली तर करपलेल्या दुधाचा वास. सासूबाई महिन्यापूर्वीच थोरल्या दिरांकडून राहायला आल्या होत्या.

"परत उतू गेलं. तुझी ही शेगडी मेली अवदसा आहे."

"आई, लक्ष कुठे होतं तुमचं?"

"लक्ष कशाला लागतंय? थोरल्याकडे दूध ठेवायचं आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसायचं. शेवटची चादर झाली की उकळी. इथे निम्म्या घड्या होत नाहीत तोवर सगळं ओट्यावर."

"तिकडची शेगडी मंद होती."

"ते मला काय माहीत? मी घड्यांवर होते."

मशीनबाई ओला फडका हातात धरून तशीच उभी राहिली. टाकी भरेपर्यंत वेळ जावा म्हणून तिनेही जुन्या मशीनला उगाचच आकडे मोजत बसवलं होतं. ते इतकं संथ होतं की मोजून होईतो टाकी भरलेली असे. आपण 'थांब' असं लिहिलंय, अशी तिची समजूत. लिहिला होता तो त्या मशीनचा संथपणा. नव्या मशीनने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आकडे संपवले आणि अर्ध्या टाकीत वाफ सोडली.

आकडा वाढवला की भागलं असतं. पण उद्या आणखी चपळ मशीन आलं, की पुन्हा तेच. टाकी भरली की भिंतीवर एक दिवा लागे. शनिवारी सकाळी तिने वायरमनकडून त्या दिव्याची एक तार कॉम्प्युटरला जोडून घेतली आणि आकडे खोडून टाकले.

"म्हणजे आता मोजायचं नाही?" रंगमास्तरांनी विचारलं.

"नाही. पाणी आलं का बघायचं."

"मग इतकी वर्षं काय चाललं होतं?"

"नशिबावर चाललं होतं, मास्तर."

संध्याकाळी सूत एकसारखं निळं निघालं. मालकांनी ते उजेडात धरून पाहिलं, आणि तयार प्रोग्रॅमचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर तिथे तीन मशीनं बदलली, प्रोग्रॅम तोच राहिला. मालकांनी कारखाना मुलीच्या हाती सोपवला. रंगमास्तर निवृत्त होऊन लेकाकडे गेले आणि त्याच्या घराच्या भिंतींच्या रंगाला नावं ठेवत बसले. सासूबाई थोरल्याकडे परत गेल्या, करमेना म्हणून चार महिन्यांत माघारी आल्या आणि शेवटपर्यंत इथेच राहिल्या. त्या गेल्यावर नवऱ्याची बदली झाली. नव्या गावात मशीनबाईला मशीनबाई म्हणणारं कोणी नव्हतं. ऑफिसात तिच्या खऱ्या नावाने हाक आली, की कितीतरी दिवस ती क्षणभर उशिराच वळून बघत असे.