कव्हरवरची गोरी पोरगी

व्हर्नेल गेदर माझी नणंद. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की पंख्याने वारा घेणाऱ्या बायकांचे हात जागीच थांबायचे. पुढे तोच गळा तिने प्रेमाच्या गाण्यांना दिला. लोक त्याला सोल म्हणू लागले. सासूबाईंनी मात्र लेकीशी अबोला धरला. "देवाचा आवाज सैतानाला वाहिला कार्टीने," एवढंच म्हणायच्या.

सहासष्ट साली तिची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली. मागे साथीला मी होते. रेकॉर्डचं खोकं उघडून बघतो तर काय, कव्हरवर समुद्रकाठी हसणारी सोनेरी केसांची गोरी पोरगी!

व्हर्नेल मला ओढतच कंपनीच्या मालकाकडे घेऊन गेली.

"ही कोण?"

हॅस्केलसाहेब हसले. "मॉडेल आहे गं. तुझा फोटो गावोगावची दुकानं काचेत लावतील होय? तुझ्याच भल्यासाठी केलं."

"माझ्या पोटातलं गाणं हिच्या तोंडी घालता, आणि वर माझंच भलं?"

"लोकांना आवाज हवाय, व्हर्नेल. चेहऱ्याचं काय एवढं?"

"काहीच नाही ना? मग तुमचा छापा की!"

साहेबांचं हसू मावळलं. "तुझ्यासारख्या दहाजणी दाराशी उभ्या आहेत."

"असतील. त्यांनाही तोंडं आहेत!"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई तडक उठल्या आणि चुलीवर कणकेची खळ शिजवायला घेतली.

"आई, हे काय?" व्हर्नेलने विचारलं.

"गाणं सैतानाचं असेल. तोंड मी जन्माला घातलंय!"

व्हर्नेलचे फोटो छापून घेतले. शनिवारी चर्चच्या बायका टोप्या घालून आमच्या वस्तीतल्या दुकानादुकानांत शिरल्या आणि प्रत्येक कव्हरवर व्हर्नेल चिकटवली. दुकानदारांनीच खुर्च्या दिल्या.

कंपनीने करार मोडला. रेडिओवरून गाणं गायब झालं. दुसरी रेकॉर्ड कोणी काढलीच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून ती शनिवारी नदीपलीकडच्या क्लबांत गायची, आणि सासूबाई पुढच्या रांगेत बसून बेसूर वाजवणाऱ्यांना डोळे वटारायच्या.

आता शिकलेली माणसं मला समजावतात, "काकू, काळच तसा होता." काळ कव्हरं छापत नाही. ती हॅस्केलने छापली, शुद्धीवर असताना, आणि वर आमच्यासमोर हसला.