केबिनमधला काटा

महदियाच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं कॉम्प्रेसर चालवतोय; सगळे मला अम सादोक, म्हणजे सादोककाका, म्हणतात. मार्चमध्ये आमच्या मालकांनी, सी हेदींनी, खालच्या पॅनेलवरचा अँपिअरमीटर काढून वर आपल्या केबिनमध्ये बसवून घेतला. साठ मीटर बारीक वायर लागली.

सार्डिनचा हंगाम आला, दोन्ही कॉम्प्रेसर लागले आणि मेन स्विच रोज पडायला लागला. लोड जास्त होतोय, यंत्र कण्हतंय, असं मी सांगितलं. सी हेदींनी काटा दाखवला: तीनशेदहा अँपिअर. स्विच तर तीनशेसाठच्या वर गेल्यावरच पडणारा. तेव्हा माझेच कान म्हातारे झालेत, असं ठरलं.

मोनास्तीरहून मुंजिया नावाची इलेक्ट्रिशियन आली. एक कॉम्प्रेसर चालू असताना तिने खाली मेन केबलला चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर लावला. दीडशे. वरही दीडशेच. सी हेदींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग तिने दुसरा, मोठा कॉम्प्रेसरही सुरू करायला लावला. खाली तीनशेऐंशी, वर तीनशेदहा.

मुंजिया पायरीवर बसून विचार करू लागली. मीटर बिघडलेला असता तर दीडशेलाही चुकला असता.

तिने यंत्रं थांबवून मीटर खाली आणला आणि वीतभर वायरने मेन केबलवरच्या करंट ट्रान्सफॉर्मरला जोडला. पुन्हा सगळं सुरू केलं. तीनशेऐंशी! यंत्रं थांबवून मध्ये बारीक वायरचं एक भेंडोळं घातलं, तर काटा खाली आला. दुसरं घातलं, आणखी खाली.

सी हेदी जिना उतरून आले. "वायर काटा कसा खाली ओढेल, पोरी?"

"ट्रान्सफॉर्मर चारशेचे पाच अँपिअर करून मीटरकडे ढकलतो. वायरचा अडथळा जितका जास्त, तितका जोर जास्त लागतो. प्रवाह कमी असेल तर निभतं. वाढला की जोर पुरत नाही, मग थोडा प्रवाह त्याच्या लोखंडी गाभ्यातच खर्ची पडतो. मीटरपर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे वायरच त्याच्यावरचा बोजा?"

"मीटरपेक्षा मोठा. आणि अम सादोकचे कान ठणठणीत आहेत."

मला बरं वाटलं, पण सी हेदींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तिसरं भेंडोळं मागितलं. दुपारपर्यंत ते तिला वायर बदलायला लावत होते, जाड, बारीक, पुन्हा जाड, आणि दरवेळी आकडा आधी स्वतः सांगून बघत होते. पाचव्यांदा बरोबर आला.

शेवटी मीटर पॅनेलवरच राहिला. दुसरा कॉम्प्रेसर आम्ही आता अर्ध्या लोडवर चालवतो. सी हेदी दिवसातून चारदा खाली येतात आणि काटा बघायच्या आधी मला विचारतात, आवाज कसा वाटतोय.