ट्यूबची पट्टी

बावधनच्या निरंजनसाहेबांची बहात्तर सालची फियाट अकरा वर्षं माझ्याच हाताखाली आहे. माझं गॅरेज नांद्यात. सुट्टीच्या दिवशी साहेब ती गाडी ट्रॅकवर पळवायला नेतात, आणि चार फेऱ्या झाल्या की पुढचे ब्रेक तापतात, पेडल खाली बसतं. मी दर वेळी सांगायचो, "साहेब, म्हातारीला जरा दमानं घ्या."

यंदा साहेबांनी मला न विचारता भातगिरणीवाल्या बहिरूला विचारलं. बहिरूला! ज्यानं जन्मात गाडीचं चाक खोललं नाही, त्याला. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोन नरसाळी केली, ती बंपरखाली बसवली आणि गिरणीतले कोंडा उडवायचे जुने पाइप तिथून थेट ब्रेकपर्यंत नेले.

"हलरमधनं तांदूळ गरम येतो, त्याला वारा देतोच की आमी," तो म्हणाला. "गाडी पळंल तसा हितं बी वारा जाईल."

हे सगळं माझ्या गॅरेजात, माझ्याच पान्यांनी. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अकरा वर्षांत माझ्या पाठीवर ती कधी पडली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण युक्ती चांगली होती आणि ती मला सुचायला हवी होती.

"बघा की दादा, बराबर बसलंय का," बहिरू म्हणाला. मी चाकामागे वाकलो. त्यानं पाइपाचं टोक सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं होतं. गिरणीत सगळं तसंच बांधतात. पण ब्रेकच्या धगीत रबर टिकत नाही. पट्टी वितळली की पाइप सुटून चाकात जाणार. मी कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिलो.

"झ्याक बसलंय," मी म्हणालो. पडू दे याचं पितळ उघडं. खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर साहेबांनी हेल्मेट घातलं, दुसरं बहिरूला दिलं आणि बाजूचं दार उघडलं. "बस. तुझा वारा तूच बघ."

बहिरूची पोरगी, वैष्णवी, माझ्या पोरांबरोबर एकाच गाडीनं शाळेत जाते. "थांबा, नट बघतो," म्हणत मी चाकामागे घुसलो, दोन्ही पट्ट्या कापल्या आणि खिशातल्या तारेनं पाइप आवळले.

नऊ फेऱ्या झाल्या, पेडल एकदाही खाली बसलं नाही. साहेब उतरले ते हसतच. "शंभूभाऊ, शिका याच्याकडून काहीतरी!"

चार लोकांत म्हणाले. जीभ नुसती सळसळत होती. तेवढ्यात बहिरू चाकामागे वाकला आणि ताडकन उठला.

"साहेब, माझी ट्यूब हितं जळालीच असती. दादांनी तार बांधली म्हणून वाचलो आपुन!"

साहेब माझ्याकडे वळले. "अहो, कधी लक्षात आलं तुमच्या?"

"आत्ताच," मी म्हणालो.

त्यांची थाप माझ्या पाठीवर पडली, चांगली जोरात. बहिरू नुसता माझ्याकडे बघत राहिला. काल मी त्या पट्टीपाशी वाकलो होतो, तेव्हा बॅटरीचा उजेड त्यानंच धरला होता.